मृणालची कॅनडातली पाखरं

त्या आठवड्यात आमच्याकडे केरवोखे होती. जर्मनीतल्या ह्या श्वाबिश मुलखात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको, पण इतरांसाठी सांगते. इमारतीचा जिना झाडून-पुसून काढायची पाळी इथे आठवड्याआठवड्यानं एकेका घराकडे येते आणि ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लटकते. ती पाटी बघून न बघितल्यासारखं करणाऱ्याला आमच्या बॉबलिंगेन गावात सुखानं राहता येत नाही. तर मी बादली घेऊन दुसऱ्या मजल्याच्या पायऱ्यांवर उकिडवी बसले होते आणि फोन वाजला. अभिजितचा. एरवी तो आधी "शैलाताई, कामात आहात का?" असं विचारून, घसा खाकरून मग बोलायला लागतो. त्या सकाळी नुसतं म्हणाला, "शैलाताई… या." मी फडकं पिळलं, कठड्यावर वाळत घातलं, बादली ओतून आले, हात धुतले… सगळं अगदी सावकाश. घाई केली तर ते खरं होईल असं काहीतरी डोक्यात होतं. खालच्या आजीबाई दारात येऊन ओल्या पायऱ्यांकडे बघत म्हणाल्या, "अर्धाच जिना?" मी म्हटलं, हो, आज अर्धाच. आणि चप्पल अडकवून निघाले.

मृणाल गेली त्याला आता काही आठवडे झालेत. चाळिशीही धड उलटली नव्हती. अभिजित मेकॅनिकल इंजिनिअर, गाड्यांच्या कंपनीत. त्याच्यामागून ती लग्न करून इथे आली तेव्हा माझी इथे पंधरा वर्षं घासून झाली होती, त्यामुळे नव्यानं येणाऱ्या सगळ्या मराठी पोरींची मी आपोआप ताई होते. राटहाउसमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, कुठला फॉर्म कुठल्या खिडकीत द्यायचा, कढीपत्ता कुठे मिळतो, इथपासून सगळं माझ्याकडे. पण मृणालची आणि माझी ओळख झाली ती तिनं माझी चूक काढली म्हणून. गावातल्या तळ्यावर आम्ही मराठी बायका डबे घेऊन जमलो होतो. मी कुणाच्या तरी लेकराला कडेवर घेऊन म्हटलं, ते बघ बदक! तर ही नवी नवरी मागून म्हणते, "ते बदक नाही हो ताई. तो हंस आहे, कॅनडाचा. हनुवटीखालून पांढरा पट्टा गेलाय बघा, दाढ दुखताना रुमाल बांधतात तसा." मी म्हटलं, "अगं बाई, ओळख नाही पाळख नाही आणि आल्या आल्या परीक्षा?" ती इतकी हसली की तिचा डबा कलंडला. मसालेभात होता. त्या दाढदुख्या हंसांनी तो खाल्ला.

पुण्यात ती शाळेचे तक्ते करणाऱ्या एका प्रकाशकाकडे चित्रं काढायची. आपल्याकडे स्टेशनरीच्या दुकानात मिळतात ते, पाळीव प्राणी, जंगली प्राणी, पक्षी, मुलं ज्यांतली चित्रं कापून वहीत डकवतात. त्या तक्त्यांबद्दल तिला मनस्वी राग होता. "ताई, त्यात उंदीर आणि हत्ती एकाच मापाचे असतात हो! आणि पोरं रंग पाठ करतात. रंग सगळ्यात फसवा. आधी आकार बघायचा, मग शेपूट, मग चाल. रंग शेवटी." हे ती इतक्या पोटतिडकीनं सांगायची की समोरच्याला वाटावं, उद्या आपल्यालाच रानात सोडणार आहेत. मी तिची खूप टर उडवायची. आमच्या ह्यांना लांबून येताना बघून मी म्हणायची, "मृणाल, आकार ओळखला, चालही ओळखली, शेपूट तेवढी दिसत नाहीये." त्यावर तीही काहीतरी वात्रट बोलायची. ते मी इथे लिहीत नाही.

पहिला आजार झाला तेव्हा ईरा, तिची मुलगी, किंडरगार्टनमध्ये होती. त्यातून मृणाल बरी झाली. केस परत आले, आधीपेक्षा कुरळे आले, तेही तिला आवडायला लागले. मग अभिजितच्या कंपनीनं कॅनडातल्या, ओंटारिओमधल्या कारखान्याचं विचारलं. मृणालचा भाऊ आणि वहिनी तिकडेच राहतात. सगळे खुशीत होते, घर बघणं चाललं होतं. आणि २०१५च्या दिवाळीनंतर तिची पाठ दुखायला लागली. आम्ही म्हटलं, फराळाचं केलंस, जास्त वेळ उभी राहिलीस. तिला मात्र कळलं होतं असं मला आता वाटतं. डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं ते सांगायला ती माझ्याकडे चालत आली, कोट न काढता स्वयंपाकघरात बसली आणि म्हणाली, "ताई, आलंय परत. आता हाडात." मी चहा टाकला. दुसरं काय करणार? चहा उतू गेला आणि आम्ही दोघी तो बघत राहिलो.

अभिजित कॅनडाला नाही म्हणायला निघाला होता. मृणालनं त्याला अडवलं. तिचा हिशेब सरळ होता आणि तो तिनं माझ्यादेखत त्याला सांगितला. "मी असेन तोवर आपण इथे. मी गेले की तुम्ही दोघं तिकडे. अहो, इथे ईराला कोण आहे? तुम्ही सकाळी सातला जाता. तिकडे मामा आहे, मामी आहे." कंपनीनं उन्हाळ्यापर्यंत थांबायचं कबूल केलं. ईराला सांगितलं, आपण सगळे उन्हाळ्यात कॅनडाला जाणार. सगळे. ती दुसरीत होती. तिला खरं सांगायचं नाही हे अभिजितनं ठरवलं, मृणालनं मान डोलावली, आणि आम्ही बाकीच्यांनी तोंडं शिवली. मृणालच्या जिवाला घोर एकच होता. ईरा भित्री होती. नवी जागा, नवा माणूस, नवा आवाज, सगळ्याला घाबरायची. आईशिवाय ही पोर त्या परक्या देशात, जंगलाला लागून असलेल्या गावात कशी राहणार? मग मृणालनं ठरवलं की तिकडचे प्राणी आणि पाखरं तिला आधीच ओळखीची करून द्यायची. "ताई, माणसं काय, मामा ओळखीची करून देईल. पण पहाटे खिडकीबाहेर काहीतरी ओरडलं, तर ते कोण हे तिला माहीत पाहिजे. नाव माहीत असलं की भीती निम्मी होते."

ती कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून चित्रं काढायला लागली. आणि आधी सावल्या. नुसता काळा आकार, आत डोळा नाही, पीस नाही, काही नाही. सावलीवरून ओळखता आलं तरच रंगीत चित्र दाखवायचं, ही तिची पद्धत. थोड्याच दिवसांत त्यांच्या स्वयंपाकघराची एक भिंत काळी झाली. फ्रिजवर काळा गरुड, कपाटावर काळं अस्वल, खिडकीच्या काचेवर पंख पसरलेलं काहीतरी. बाहेर बर्फाचा तो पांढरा उजेड आणि आत ही पलटण. मी एकदा संध्याकाळी डबा घेऊन गेले, दिवा लावलेला नव्हता, आणि दारातच माझे पाय थबकले. मृणाल टेबलाशी शाई लावत बसली होती. तीही त्या उजेडात नुसता आकारच दिसत होती, डोक्याला रुमाल बांधलेला. मी फटकन दिवा लावला आणि म्हटलं, "कपाळ माझं! भूतबंगला केलास की गं घराचा." ती हसली, पण मला ते घर त्या दिवसापासून बरं वाटेना. तिथून निघताना मी मागे वळून बघत नसे.

तिनं त्या प्राण्यांना मराठी नावं ठेवली होती. रॅकूनच्या डोळ्यांवर काळा पट्टा असतो म्हणून तो चोरमुखवट्या. गालात दाणे कोंबणारी ती छोटी खार, चिपमंक, तिचं नाव गालभऱ्या. फावड्याएवढ्या शिंगांचं तिकडचं अवाढव्य हरिण, मूस, तो फावडेशिंग्या. डोक्यावर निळा तुरा मिरवणारा, खिडकीशी येऊन भांडणारा ब्लू जे, तो निळातुऱ्या. तळ्यात बुड्या मारणारा, लाल डोळ्यांचा, संध्याकाळी माणसानं हंबरडा फोडावा तसा ओरडणारा लून नावाचा पक्षी आहे. तो लालडोळ्या. मी म्हटलं, "अगं, तिकडे शाळेत ही नावं कोण विचारणार आहे तिला?" तर म्हणाली, "शाळेसाठी शाळेची नावं शिकेल. ही माझी."

ईरा मराठीत कधी बोलायची नाही. इथल्या आमच्या सगळ्याच पोरांचं ते आहे. आपण मराठीत विचारायचं, ती जर्मनमध्ये उत्तर देणार. मृणाल म्हणायची, "जेवायला ये, मोजे घाल, एवढं कळतं तिला. त्यापुढे शून्य." आणि म्हणूनच आम्ही वाईट बातम्या मराठीत बोलायचो. डॉक्टर बोलायचे जर्मनमध्ये, ते ईराला कळलं असतं, म्हणून तिला बाहेर पाठवायचं. पण घरी, तिच्यादेखत, मराठीत सगळं. औषध लागू पडत नाहीये. आता मणक्यातही आहे. शेवटी लागेल त्या दवाखान्यातल्या जागेसाठी आधीच नाव घालून ठेवूया. हे सगळं पोर टेबलाखाली रंगवत बसलेली असताना, आमटीत मीठ किती घातलंस त्याच सुरात. मी कितीतरी मराठी घरांत हे बघितलंय. भांडणं, पैसे, सासूच्या तक्रारी, सगळं पोरांच्या डोक्यावरून जातंय अशा खात्रीनं.

एकदा अशीच दुपार होती. मृणालला उठबस जड जायला लागली होती. मी भाजी निवडत होते, ईरा शेजारी रंगीत पेन्सिलींना टोकं काढत होती. मृणाल भिंतीवरच्या सावल्यांकडे बघत मला म्हणाली, "ताई, हिला सगळे ओळखता आले ना, की मी डोळे मिटायला मोकळी." आपण बोलतो तसंच बोलली. पोरीचं लग्न झालं की मी मोकळी, घराचे हप्ते फिटले की मी मोकळी, तसं. मी म्हटलं, "गप गं, काहीतरी बोलू नकोस." ईरानं मान वर केली नाही. पेन्सिलीचं टोक तेवढं कडकन मोडलं आणि तिनं पुन्हा काढायला घेतलं.

त्यानंतर ईरा चुकायला लागली. आधी पटापट सांगणारी मुलगी, तिला चोरमुखवट्या दाखवला तर म्हणे "डाक्स", म्हणजे आपल्याकडचा बिज्जू नाही का, त्याचा इथला भाऊबंद. कोयोट, तो तिकडचा लांडग्यासारखा प्राणी, दाखवला तर "फुक्स", कोल्हा. रोज काहीतरी चुकणारच. मृणाल पुन्हा समजावायची, शेपूट बघ, कान बघ. दुसऱ्या दिवशी ते बरोबर आणि दुसरंच काहीतरी चूक. सगळी चित्रं बरोबर आली असा दिवस उगवेना. मृणालचा जीव टांगणीला लागला. दुखण्यानं वाकलेली असायची, पण शाळा सुटायची वेळ झाली की उशा लावून बसायची, पुठ्ठे हातात. मला त्या खेळाची भीती वाटायला लागली. समोरासमोर बसलेल्या त्या दोघी, मधे काळे आकार, एक विचारतेय आणि एक चुकतेय. अभिजित एकदा वैतागून म्हणाला, "अगं, पुरे कर ना. नाही जमत तिला." मृणाल त्याच्याकडे अशी बघायला लागली की तो गॅलरीत निघून गेला.

मग एका दुपारी, बाहेर चांगला घोटाभर बर्फ होता, ईरा लाल बूट काढून आत पळाली होती, तेव्हा मृणालनं मला जवळ बोलावलं. चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी तो तळ्यावरचा वात्रटपणा होता. "ताई, तिला सगळं येतंय." मी म्हटलं, "काहीतरीच. आत्ताच तर चुकली." "तेच तर! ज्याला येत नाही तो कसाही चुकतो हो. अस्वलाला हरिण म्हणेल, गरुडाला कावळा म्हणेल. ही बघा, नेमकी शेजारच्याच प्राण्यावर चुकते. कोयोट तर कोल्हा. बीव्हर तर त्याच्यासारखाच पाण्यातला उंदीर. इतकं नेमकं चुकायला बरोबर उत्तर माहीत असावं लागतं. पोरगी पक्की आहे." मी विचारलं, "मग चुकते कशाला?" मृणालनं खांदे उडवले. "काय माहीत. खेळ संपू नये असं वाटत असेल. जवळ बसायला मिळतं ना… चुकू दे." तिनं डोळे पुसले आणि लगेच मला दम भरला, "तिला सांगू नका हां, मला कळलंय म्हणून." त्या दिवसापासून तिचा तो घोर गेला. दुखणं वाढत होतं, पण माणूस निवांत झालं होतं. तरी रोज पुठ्ठे काढायची, रोज विचारायची, ईरा रोज चुकायची आणि मृणाल रोज म्हणायची, "बरं, उद्या परत."

जूनमध्ये तिला पॅलिएटिव्ह स्टेशनवर, म्हणजे फक्त दुखणं सुसह्य करणाऱ्या वॉर्डात, हलवलं. खोली चांगली होती, मोठी खिडकी, बाहेर लिंडेनची झाडं फुललेली, वर पाकोळ्या किंचाळत फिरायच्या. तो गोड वास मला आता सहन होत नाही. शेवटच्या संध्याकाळी मी आणि अभिजित ईराला घेऊन गेलो. तो शेवटचा दिवस हे अर्थात माहीत नव्हतं, पण नर्सनं अभिजितला दारातच थोडं थांबवून घेतलं तेव्हा मी ईराला घेऊन पुढे आत गेले. मृणालचा आवाज पार खोल गेला होता. तिनं बोटानं पिशवी दाखवली. ईरानंच पुठ्ठ्यांचा गठ्ठा काढला, वरचं चित्र तिच्यासमोर धरलं. म्हणजे आता विचारायचंही काम तिच्याचकडे. लालडोळ्याची सावली होती. लांब मान, पाण्यात बसलेलं अंग. ईरा आईकडे बघत राहिली, बराच वेळ. मला वाटलं, आता म्हणणार "एंटं", बदक. पण ती म्हणाली, "लालडोळ्या." मराठीत. स्पष्ट. मृणाल हसली. ओठ हलले, "शाब्बास" असावं. आणि तिनं डोळे मिटले. दमली होती बिचारी, झोप लागली. त्या झोपेतून ती उठली नाही. सकाळी माझ्या हातात फडकं होतं तेव्हा फोन आला तो हा.

नंतरचे दिवस सांगण्यासारखे नाहीत. ईरा रडली नाही. मराठी ऐकलं की उठून दुसऱ्या खोलीत जायची. भिंतीवरच्या सगळ्या सावल्या तिनं स्टुलावर चढून काढल्या आणि पालथ्या घालून केलरमध्ये नेऊन ठेवल्या, केलर म्हणजे तळघरातली ज्याची त्याची अडगळीची खोली, जिथे ती एरवी एकटी जायला घाबरते. तळ्यावर नेलं तर मान खाली घालून चालायची. एकदा तो कॅनडाचा हंस अगदी पुढ्यात आला, तर हिनं दोन्ही हातांनी डोळे झाकले. मग शाळेची सहल प्राणिसंग्रहालयात गेली. संध्याकाळी बाईंचा अभिजितला फोन. मुलीनं एकाही पिंजऱ्यासमोर डोळे उघडले नाहीत, मैत्रिणीचा हात धरून आंधळ्यासारखी चालली, आणखी काही झालंय का? अभिजितनं हात टेकले. सामानाचे खोके भरून तयार, तिकिटं काढलेली, आणि पोरगी म्हणते, इख फ्लीगं निष्ट. मी येणार नाही. जबरदस्तीनं न्यायची का? तिकडे दारात रोज खारी, आकाशात गरुड, तिथे ही डोळे मिटून जगणार? त्या माणसानं माझ्या सोफ्यावर बसून लहान मुलासारखे हुंदके दिले.

मी ईराला दोन दिवस माझ्याकडे आणलं. ती आतल्या खोलीत होती, मी स्वयंपाकघरात सांगलीच्या बहिणीशी फोनवर बोलत होते. आणि हो, मराठीतच, मोठ्यानं, नेहमीच्याच खात्रीनं. "अगं, प्राण्यांना बघून घाबरते गं पोर. कॅनडात कसं व्हायचं तिचं?" मागून आवाज आला, "मी नाही घाबरत." मी वळले. ईरा दारात उभी होती. "मी नाही घाबरत, शैलामावशी. मी ओळखलं, की कोणतरी मरतं."

मला फोन कुठे ठेवला ते आठवत नाही. तिचं मराठी, देवाशपथ सांगते, मृणालचंच होतं, तोच पेठेतला ठसका. मी खाली फरशीवर बसले, म्हटलं, "कोण म्हणालं असं?" "आई. तुला म्हणाली. किचनमध्ये. हिला सगळे ओळखता आले ना, की मी डोळे मिटायला मोकळी." शब्द न् शब्द. ती भाजी, त्या पेन्सिली, सगळं माझ्या डोळ्यांसमोर आलं. "म्हणून मी रोज चुकत होते. म्हणजे ती थांबेल. पण त्या दिवशी आईला खूप दुखत होतं ना… मला वाटलं एकच सांगते. एकानं काय होतं. पण तिनं डोळे मिटले." आणि मग अगदी हळू, "आता बाबा. तिकडे खूप प्राणी आहेत."

आम्ही इतकी मोठी माणसं, तिच्यापासून सगळं लपवत होतो. आणि ही सात-आठ वर्षांची पोर सहा महिने आईला रोखून धरत होती, एकटी. मला तेव्हा जे रडू फुटलं ते मृणाल गेली त्या दिवशीही फुटलं नव्हतं. पण रडत बसायची ती वेळ नव्हती. मी तिला ओढून मांडीत घेतलं आणि म्हटलं, "ईरा, ऐक. आईला माहीत होतं." "काय?" "तुला सगळे येतात ते." "खोटं." "खोटं नाही. तू कोयोटला काय म्हणायचीस?" "फुक्स." "आणि बीव्हरला?" "बिसाम." तोच पाण्यातला उंदीर. "बीव्हरला अस्वल का नाही म्हणालीस?" मीच सांगितलं, "कारण तुला येत होतं. आणि आईनं ते पकडलं. तुझ्या आईला फसवणं काय सोपं आहे? मला म्हणाली, पोरगी पक्की आहे, तिला सगळं येतंय." ईरा माझ्याकडे टक लावून बघत होती. मग तिनं एकच शब्द विचारला. "कधी?" मी म्हटलं, "बर्फ होता. तू लाल बूट काढून आत पळालीस, त्या दिवशी." ती विचार करायला लागली, चेहरा अगदी मृणाल चित्राकडे बघायची तसा. "म्हणजे फाशिंगच्या आधी?" फाशिंग म्हणजे फेब्रुवारीतला इथला सोंगांचा सण. "आधी." "आणि आई तेव्हा गेली नाही?" "नाही ना. वसंत आला, तुझा वाढदिवस झाला, केक खाल्ला तिनं. तुला सगळे येतात हे माहीत असून ती होती. ती आजारानं गेली गं राणी. तुझ्या बोलण्यानं नाही. तुझ्या बोलण्यानं ती हसली."

तिनं मान हलवली नाही. मला मिठी मारली नाही. कथाकादंबऱ्यांत होतं तसं काही झालं नाही. "नक्की?" एवढंच विचारलं, आणि मी नक्की म्हटल्यावर उठून आत गेली. अभिजितला मी सगळं सांगितलं. तो त्या रात्री तिच्याशी बोलला, मराठीत, पहिल्यांदाच खरं खरं. तरी विमानतळावर मी तिला निरोप द्यायला गेले तेव्हा ती बुटांकडेच बघत होती. बाहेर खांबावर एक साधा कावळा बसला होता, तर तिनं तोंड फिरवलं. मी परत येताना एस-बान लोकलमध्ये शेजारच्या बाईची पर्वा न करता रडले. ही पोर जन्मभर डोळे झाकून चालली तर काय, हा एकच विचार.

गेल्या रविवारी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. आमच्याकडे संध्याकाळ, तिकडे दुपार. ईरानं नवं घर दाखवलं, मामीनं शिवलेला पडदा दाखवला, मग फोन घेऊन खिडकीशी गेली. बाहेर एक झाड आणि त्यावर काहीतरी हललं. "मावशी, इथे एक आहे," ती म्हणाली. आणि माझ्या मेलीच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "कोण?" विचारलं आणि जीभ चावली. पडद्यावरचं चित्र खालीवर होत होतं. फांदीवरचं ते पाखरू कर्कश ओरडलं, एकदा, दोनदा.

"निळातुऱ्या," ईरा म्हणाली. इतकं हळू की मला ऐकू आलं की वाटलं, कळेना. मग पडद्यावर एकदम छत आलं, फोन तिनं कुठेतरी ठेवला होता, आणि तिची हाक ऐकू आली, "बाबा!" उत्तर नाही. लांब कुठेतरी नळ वाहत होता. "बाबा!!" नळ बंद झाला.

"काय गं?" अभिजितचा आवाज आला.

"काही नाही," ईरा म्हणाली. पडद्यावर पुन्हा खिडकी आली, झाड आलं. "मावशी, खाली गालभऱ्या पण आहे. थांब, दाखवते."